माणूस सापडला, गोष्ट अडली

एका दिवाळी अंकासाठी आलेल्या कथा वाचण्याचं काम मी करते. मे महिन्यापासून पाकिटं आणि ईमेल येऊ लागतात. सोबतच्या पत्रात अनेक जण शेवटी एक प्रश्न लिहितात आणि तो वर्षानुवर्षं फारसा बदललेला नाही. कुणी लिहितं, ‘माणूस डोळ्यांसमोर लख्ख दिसतोय, पण कथा चार पानांपुढे सरकत नाही.’ कुणाचं उलट असतं: ‘गोष्ट सगळी ठरली आहे, पण वाचणारे म्हणतात, तुमची माणसं पुठ्ठ्याची वाटतात.’

माझ्या मते हे दुखणं एकच आहे. पात्र आधी पूर्ण घडवायचं आणि मग त्याला कथानकात बसवायचं, अशी दोन कामं करायला गेलात की दोन्ही अर्धवट राहतात. तुमच्या माणसाला काहीतरी गमावून एक गोष्ट ठरवावी लागते, तिथे तो खोल होतो आणि कथानकही तिथूनच सुरू होतं. ही जागा हाताला कशी लागेल, ते पाहू.

आधी तपासा: व्यक्तिचित्र आहे की कथा?

मराठीत व्यक्तिचित्राची परंपरा फार समृद्ध आहे. व्यंकटेश माडगूळकरांची ‘माणदेशी माणसं’ आणि पु. ल. देशपांडे यांची ‘व्यक्ती आणि वल्ली’ वाचत आपण मोठे झालो. त्यामुळे लिहायला बसलं की हात आपोआप त्याच वळणाने जातो. माणसाचा पेहराव, चालण्याची ढब, बोलण्यातली लकब, दोन-तीन आठवणी आणि शेवटी त्याच्या मृत्यूची बातमी. हा प्रकार उत्तमच आहे, पण तो कथा नव्हे, आणि कथा म्हणून पाठवला की नाकारला जातो.

लिहून झालेल्या मजकुराला एकच प्रश्न विचारा. पहिल्या पानावरच्या माणसाच्या आयुष्यात शेवटच्या पानापर्यंत त्याच्याच हातून घडलेल्या कशामुळे तरी काही बदललं आहे का? उत्तर ‘नाही’ असेल तर तुमच्यापुढे दोन पर्याय आहेत. मजकूर मनापासून आवडत असेल तर तो व्यक्तिचित्र म्हणूनच पूर्ण करा आणि त्याच नावाने पाठवा. कथाच हवी असेल तर तो मजकूर कच्चा माल समजून बाजूला ठेवा आणि पुढे वाचा.

एक माणूस हाताशी घेऊ

समजा, तुम्हाला एसटीचा एक कंडक्टर सुचला आहे. सातारा जिल्ह्यातला आडवळणाचा मार्ग, निवृत्तीला तीन महिने. दहा-वीसच्या नोटा उभ्या दुमडून बोटांच्या बेचक्यात धरण्याची सवय इतकी मुरलेली, की घरी बाजाराचे पैसे देतानाही तो तशाच धरतो. तिकीट मशीनच्या पट्ट्याने शर्टाचा खांदा एका बाजूने विटलेला. इतकं तुम्हाला दिसतंय आणि कथा इथेच अडली आहे.

अशा वेळी काही जण पात्राचा तक्ता भरायला बसतात. उंची, रास, आवडता रंग, आवडती भाजी. असले तक्ते भरून कागद भरतात, माणूस भरत नाही. त्याऐवजी या चार प्रश्नांवर एक संध्याकाळ घालवा:

- त्याला आत्ता काय हवं आहे? ‘सुख’, ‘शांती’ अशी उत्तरं चालणार नाहीत. हाताने दाखवता येईल असं काहीतरी हवं. आपल्या कंडक्टरला सेवापुस्तकावर एकही शेरा न पडता निवृत्त व्हायचं आहे. उद्धव शेळके यांच्या ‘धग’मधल्या कौतिकला आपला संसार पायावर उभा करायचा आहे. तिच्या प्रत्येक धडपडीला वजन येतं ते त्यामुळे.
- ते इतकं का हवं आहे? याचं उत्तर मागच्या काळात असतं. नोकरीच्या सुरुवातीला हिशेबात रक्कम कमी भरली आणि डेपोत सगळ्यांसमोर मान खाली घालून उभं राहावं लागलं, तो दिवस तो विसरलेला नाही. ही आठवण कथेत यायलाच हवी असं नाही. तुम्हाला मात्र ती माहीत हवी.
- स्वतःबद्दल तो काय समजून चालला आहे, जे खरं नाही? ‘मी नियमाने वागलो, कुणाचं वाईट केलं नाही,’ असं त्याला वाटतं. सुट्टे पैसे नाहीत म्हणून त्याने एका पोराला भर पावसात फाट्यावर उतरवलं होतं, हे त्याच्या लक्षातही नाही. माणसाची खोली बहुतेक वेळा या तिसऱ्या प्रश्नात सापडते, आणि नवे लेखक नेमका हाच प्रश्न टाळतात, कारण आपल्या लाडक्या पात्राला खोटं पाडायला जीव धजत नाही.
- कुणासमोर तो वेगळा वागतो? ड्रायव्हरशी, आगार व्यवस्थापकाशी, घरी सुनेशी. तीन ठिकाणचा त्याचा आवाज तीन तऱ्हांचा असेल.

नाव, आडनाव आणि अरे-तुरे

मराठीत नुसत्या नावातून पिढी कळते, आडनावातून बहुतेकदा गाव आणि जात. म्हणून सुचेल ते नाव देऊन मोकळे होऊ नका. सत्तरीतली बाई सिंधू, कुसुम किंवा अनसूया असेल. तिला ‘रिया’ केलंत तर वाचक पहिल्याच ओळीला तुमच्यावरचा विश्वास काढून घेईल.

संबोधनं तर आपल्या भाषेने लेखकाच्या हातात दिलेलं हत्यारच आहे. कोण कुणाला ‘अहो’ म्हणतं, कोण ‘अरे’, आणि हे नेमकं कधी बदलतं, याकडे लक्ष ठेवा. आयुष्यभर ‘अहो’ म्हणणारी बायको एका रात्री ‘ऐक रे’ म्हणाली, तर घरात काय झालं ते सांगायला परिच्छेद लागत नाही. आपला कंडक्टर एका म्हातारीला नेहमी ‘आजी’ म्हणतो. तपासणी पथक गाडीत चढल्यावर तो तिला ‘ओ बाई’ म्हणाला, तर त्या दोन शब्दांत त्याची भीती दिसते.

बोलीभाषेचं मात्र जपून. ‘धग’मध्ये वऱ्हाडी बोली जिवंत वाटते, कारण लेखकाचा कान त्याच मातीत तयार झाला होता. ज्या भागात तुम्ही राहिला नाहीत तिथली बोली मालिकांवरून उचलू नका. चार शब्दांचे उच्चार बदलून ग्रामीण माणूस उभा राहत नाही, त्याची टिंगल मात्र होते. खात्री नसेल तर साध्या मराठीत लिहा आणि वाक्यांची लय बोलण्यासारखी ठेवा.

गाठ कशी बसते

आता त्या म्हातारीकडे वळू. 2022 पासून राज्यात पंचाहत्तरी पूर्ण केलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत आहे, त्यांना शून्य रकमेचं तिकीट देतात. 2023 पासून सगळ्या वयाच्या बायकांना अर्धं तिकीट आहे. म्हातारी दर बाजारच्या दिवशी भाजीची पाटी घेऊन चढते. तिच्या आधार कार्डावर वय 71. ती म्हणते, ‘मी पंच्याहत्तरीच्या म्होरं गेलीया, कार्डावर त्यांनी अंदाजानं घातलंय.’ तिचं म्हणणं खरं असू शकतं. खेड्यात कित्येकांच्या कार्डावरचं वय असंच अंदाजाने लिहिलेलं असतं.

इथपर्यंत आलेल्या दहांपैकी बहुतेक लेखक एकच वाट धरतील. कंडक्टर खिशातून वीस रुपये काढून तिचं अर्धं तिकीट फाडेल, म्हातारीचे डोळे भरून येतील आणि कथा संपेल. ही वाट सुचते, कारण तिथे पात्र चांगलंच राहतं आणि त्याला फक्त वीस रुपयांचा फटका बसतो. इतक्या स्वस्तात सुटलेला माणूस वाचकाच्या लक्षात राहत नाही.

तेव्हा ही वाट बंद करा. कशी? दुसऱ्या पात्रालाही काहीतरी हवं असू द्या. म्हातारी ते वीस रुपये परत करते. ‘मी भीक मागत न्हाई. माझं वय मागतीया.’ तिला पैसे नको आहेत. आपण इतकं जगलो, हे कुणीतरी सरकारी कागदावर मान्य करावं, एवढंच तिला हवं आहे. आता कंडक्टरच्या हातात दोनच गोष्टी उरतात: अर्धं तिकीट फाडायचं, नाहीतर शून्याचं. पहिल्यात ती उतरून चालू लागेल, डोक्यावर पाटी घेऊन. दुसऱ्यात तीस वर्षं जपलेलं त्याचं पुस्तक पणाला लागेल. मागे ड्रायव्हर आरशातून पाहतो आहे. गाडीत आणखी दोन म्हातारे बसले आहेत आणि उद्या तेही मागतील.

तो शून्याचं बटण दाबतो. मशीनमधून तिकीट येतं. तुमची कथा इथे सुरू झाली.

अडलेल्या प्रत्येक कथेसाठी मी हाच क्रम सुचवते:

1. माणसाला काय हवं आहे ते एका वाक्यात लिहा.
2. ते मिळवण्याच्या आड येणारी दुसरी व्यक्ती शोधा. तिचंही म्हणणं तितकंच खरं असायला हवं. दुष्ट माणूस समोर उभा केलात तर निर्णय सोपा होतो आणि कथा पातळ.
3. माणसाला सुटका करून घेता येईल अशा सगळ्या वाटा कागदावर मांडा आणि एकेक बंद करा.
4. उरलेल्या दोन वाटांपैकी त्याने कोणती घेतली, ते लिहा. त्याचे विचार कमीत कमी लिहा. त्याची कृती दिसू द्या.

मधल्या पानांचं काय करायचं

कथा मध्येच ढेपाळते ती घटना कमी पडतात म्हणून क्वचितच. घटना भरपूर असतात, पण त्या एकीशेजारी एक नुसत्या ठेवलेल्या असतात. एक साधी तपासणी करून पाहा. प्रत्येक प्रसंग एका चिठ्ठीवर लिहा, चिठ्ठ्या जमिनीवर ओळीने मांडा आणि दोन चिठ्ठ्यांमध्ये कोणता शब्द बसतो ते बघा. ‘मग’ बसत असेल तर तो सांधा कच्चा आहे. ‘म्हणून’ किंवा ‘तरीही’ बसत असेल तर पक्का.

वि. वा. शिरवाडकरांचं ‘नटसम्राट’ (1970) या नजरेने पुन्हा वाचा. निवृत्त झालेले अप्पासाहेब बेलवलकर आपली मिळकत मुलगा आणि मुलगी यांच्यात वाटून टाकतात. कुणी जबरदस्ती केलेली नसते. उदार मनाचा, टाळ्यांची सवय असलेला नट जे करेल तेच ते करतात. म्हणून ते मुलांच्या दारी येतात, म्हणून त्यांचं वागणं घरात खुपायला लागतं, म्हणून एक दिवस लेकीच्या घरी चोरीचा आळ येतो. एकही प्रसंग बाहेरून आणून जोडलेला नाही. स्वभाव काढून घेतलात तर अख्खं नाटक कोसळेल. कथानक स्वभावातून निघालं की नाही, याची परीक्षा हीच. तुमच्या पात्राच्या जागी दुसरा कुणीही ठेवला आणि घटना तशाच घडल्या, तर तुमचं कथानक उसनं आहे.

निवेदन ‘मी’चं असावं की ‘तो’चं, यावर लोक फार घोळ घालतात. माझं उत्तर थोडक्यात असं: पात्राला स्वतःबद्दल जे कळत नाही तेच कथेचं मर्म असेल, तर ‘तो’ सोपं पडतं. त्याची बोलण्याची तऱ्हाच जर सगळं काही असेल, जशी ‘कोसला’मधल्या पांडुरंग सांगवीकरची आहे, तर ‘मी’शिवाय गत्यंतर नाही. ठरत नसेल तर पहिलं पान दोन्ही प्रकारे लिहून बघा.

शेवट: कुठे घसरायला होतं

सर्वांत जास्त कथा मी शेवटामुळे परत करते. नेहमीचे खड्डे हे:

- मृत्यू किंवा अपघात. गाठ सोडवता आली नाही म्हणून माणूस मारलेला असतो. मरण कथेच्या आरंभी असेल तर त्यातून पुष्कळ निघतं. शेवटी आलेलं मरण वाचकाला पळवाट वाटतं.
- सापडलेलं पत्र. ज्या गोष्टी दोन माणसांनी समोरासमोर बोलायच्या, त्या एका पाकिटात कोंबलेल्या.
- योगायोग. योगायोगाने अडचण सुरू झाली तर वाचक मान्य करतो. योगायोगाने ती सुटली तर त्याला फसवल्यासारखं वाटतं.
- उमाळा. सगळ्यांना एकाच वेळी पश्चात्ताप होतो. खऱ्या आयुष्यात एकाला होतो, तोही उशिरा.
- शेवटचा परिच्छेद. कथेचा अर्थ समजावून सांगणारा. तो खोडा. खोडल्यावर कथा अपुरी वाटली तर उणीव आधीच्या पानांत आहे, तिथे काम करा.

मग माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त दुष्काळ येतो आणि वाडी उठते, ते कसं पटतं? तोही बाहेरचाच घाला नव्हे का, असं मला एकाने विचारलं होतं. दुष्काळ तिथे पहिल्या पानापासून मुरलेला आहे. पाऊस आणि मेंढरं यांच्या भरवशावर जगणाऱ्या माणसांची ती कहाणी आहे, आणि तो भरवसा तुटण्याची भीती त्यांच्या रोजच्या जगण्यात आहे. शेवटी जे येणार त्याची मुळं सुरुवातीला रुजलेली हवीत, मग ते बाहेरून आलं तरी चालतं.

आपल्या कंडक्टरकडे परत जाऊ. तपासणी पथक चढलं, शून्याचं तिकीट सापडलं, कार्डावर वय 71. त्याच्यावर चौकशी बसणार. इथे साहेब दयाळू निघाला असं लिहाल तर सगळं वाया जाईल. मी असते तर निर्णय म्हातारीकडे सोपवला असता. ती उठते आणि म्हणते, ‘त्याची चूक न्हाई. मी त्याला जावेचं कार्ड दावलं हुतं.’ आपलं वय खरं मानलं जावं म्हणून जी बाई भांडत होती, ती त्याला वाचवायला खोटं बोलते आणि स्वतःचा हक्काचा मुद्दाच सोडून देते. आता कंडक्टर गप्प बसला तर त्याचं पुस्तक स्वच्छ राहील. तो गप्प बसतो की नाही, ते तुम्ही ठरवा. दोन्ही शेवट पटतील, कारण दोन्ही त्याच्यातूनच येतात.

दुसरा हात

लिहून झाल्यावर कथा निदान पंधरा दिवस झाकून ठेवा. नंतर मोठ्याने वाचा, शक्यतो कुणासमोर तरी. जीभ अडखळेल तिथे खूण करा. पहिलं पान झाकून दुसऱ्यापासून वाचून पाहा. हवामान आणि पार्श्वभूमी सांगणारं पहिलं पान बहुतेक वेळा लेखकाला वॉर्म-अपसाठी लागलेलं असतं, वाचकाला त्याची गरज नसते. वाचायला देताना ‘कशी वाटली?’ असं विचारू नका, उत्तर ‘छान’ येईल. ‘कुठे कंटाळा आला?’ आणि ‘कुठे पटलं नाही?’ असं विचारा.

खऱ्या माणसावरून लिहिताय?

आपण सगळेच लिहितो. पण नाव बदललं म्हणजे सुटलो, असं समजू नका. गाव, व्यवसाय, व्यंग, घरातली घटना यांवरून ती व्यक्ती लोकांना ओळखू येत असेल आणि मजकुराने तिची बेअब्रू होत असेल, तर नुकसानभरपाईचा दावा होऊ शकतो. शिवाय भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 खाली तो गुन्हाही आहे. ‘सर्व पात्रे काल्पनिक’ ही ओळ छापली म्हणून संरक्षण मिळेलच असं नाही. दोन माणसं एकत्र करा, गाव बदला, व्यवसाय बदला. अनुभव असा आहे की हे केल्यावर पात्र मोकळं होतं आणि कथाही चांगली होते, कारण मग तुम्ही ‘खरं असंच घडलं होतं’ या ओझ्यातून सुटता.

पाठवताना आणि पाठवल्यावर: तुमचे हक्क

- एक कथा एका वेळी एकाच अंकाकडे पाठवा. ठरल्या मुदतीत उत्तर आलं नाही तर ‘कथा मागे घेत आहे’ असं लेखी कळवा आणि मगच दुसरीकडे पाठवा. मजकूर युनिकोडमध्ये टाइप करा आणि पाठवलेला ईमेल जपून ठेवा. तारखेचा पुरावा म्हणून तो उपयोगी पडतो.
- कॉपीराइट कायदा, 1957 नुसार कथा लिहून होताच हक्क तुमचा होतो. नोंदणी सक्तीची नाही. हा हक्क लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर 60 वर्षं टिकतो.
- नुसत्या कल्पनेवर हक्क नसतो. सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये आर. जी. आनंद खटल्यात हे स्पष्ट केलं. एसटीचा कंडक्टर आणि म्हातारी हा विषय कुणीही घेऊ शकतो. तुम्ही केलेली त्याची मांडणी मात्र तुमची.
- हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी आणि सहीनिशीच द्यावा लागतो. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. सही करण्यापूर्वी ‘सर्व माध्यमांतील सर्व हक्क कायमस्वरूपी’ असं वाक्य आहे का ते शोधा, आणि असेल तर खोडायला सांगा. अंकाला एकदा छापण्याची परवानगी पुरते.
- हक्क विकले तरी कथेवर लेखक म्हणून नाव असण्याचा, आणि प्रतिष्ठेला बाधा येईल अशी मोडतोड रोखण्याचा अधिकार कलम 57 खाली तुमच्याकडेच राहतो.

नाटक, लघुपट, श्राव्य पुस्तक, भाषांतर यांसाठी प्रत्येक वेळी वेगळी परवानगी द्या. माझ्या एका सुरुवातीच्या कथेवर एका संस्थेने एकांकिका बसवली होती. मी फोनवर ‘करा की’ एवढंच म्हणाले होते. प्रयोग पाहायला गेले तर जाहिरातीवर माझं नाव नव्हतं, आणि दाखवायला माझ्याकडे कागदही नव्हता. तेव्हापासून मी चार ओळींचं पत्र तयार ठेवलं आहे, ते तुम्हीही ठेवा. आपल्या मजकुराप्रमाणे बदला, सही करा आणि समोरच्याची सही घेतल्याशिवाय होकार देऊ नका:

‘माझ्या ___ या कथेवर मराठीत एकांकिका करण्यास ___ या तारखेपासून एक वर्षासाठी, ___ प्रयोगांपर्यंत, प्रतिप्रयोग ___ रुपये मानधनावर परवानगी देत आहे. प्रत्येक जाहिरातीत आणि प्रयोगापूर्वीच्या निवेदनात मूळ कथालेखक म्हणून माझं नाव असावं. शेवट बदलायचा असल्यास आधी माझी लेखी संमती घ्यावी. चित्रपट, लघुपट, भाषांतर यांसह इतर सर्व हक्क माझ्याकडे आहेत.’